खडक तिथेच होता

‘रामदास काशाला लागली आणि फुटली.’ अलिबाग तालुक्यात कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, याच शब्दांत उत्तर मिळेल. मुंबईहून रेवसला येताना वाटेत लागणारा हा काशाचा खडक नकाशात गल आयलंड या नावाने दाखवलेला असतो. १७ जुलै १९४७ ला त्याच्या आसपास रामदास बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. तेव्हापासून काशाच्या माथी जो दोष बसला तो बसलाच. माझं आजोळ रेवसजवळचं. लहानपणी त्या खडकाकडे बोट दाखवायचीसुद्धा आम्हाला मनाई होती.

पुढे शाळेत बत्तीस-तेहतीस वर्षं इतिहास शिकवला आणि बुडालेल्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचत गेले. वाचत गेले तसा माझा त्या खडकावरचा राग उतरला. कोकणची किनारपट्टी जुन्या मोजणीप्रमाणे सातशे वीस किलोमीटरची. खंदेरी-उंदेरीपासून मालवणच्या खडकाळ बाऱ्यापर्यंत आणि तिथून वेंगुर्ल्याच्या बेटांपर्यंत दगडांना तोटा नाही. पण हे दगड हजारो वर्षं आपापल्या जागी आहेत आणि तांडेलांना ते पाठ आहेत. जहाज का बुडालं याचं उत्तर बहुतेक वेळा किनाऱ्यावर सापडतं. ते कोणत्या दिवशी सोडलं, कोणी सोडलं, त्यात काय भरलं होतं, हे आधी विचारावं असं माझं ठाम मत झालं आहे.

रामदासचंच बघा. तो गुरुवार होता, आषाढ अमावास्येचा, म्हणजे गटारीचा. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता. सणाला गावी निघालेले नोकरदार, व्यापारी, बायका, मुलं अशी माणसं सातशेच्या घरात. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. बोट काही मोडकी नव्हती. १९३६ सालची, १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, इंग्लंडात स्वान हंटरच्या कारखान्यात बांधलेली. बंदर सोडल्यावर पाऊस आणि वारा वाढला. मोठ्या लाटेने बोट एका अंगाला झुकली, घाबरलेले लोक एकाच बाजूला धावले आणि बोट कलंडली. सुटल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात सगळा खेळ आटोपला. काशा जवळ होता एवढंच. माणसं बुडाली ती कलंडलेल्या बोटीमुळे.

इथे कोळ्यांचा एक हिशेब सांगते, कारण सरकारी भाषेतल्या कोणत्याही वर्णनापेक्षा त्यातून ती सकाळ मला अधिक कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्येला आणि पुनवेला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते, आणि ती साधी भरती नसते, उधाण असतं. म्हणजे पहाटे सहाला सुकती संपली आणि पाणी चढू लागलं. भरती अर्ध्यावर असते तेव्हा पाण्याला सगळ्यात जास्त ओढ असते. अमावास्येच्या दिवशी ही वेळ साडेआठ ते साडेनऊची. आषाढातला नैऋत्येचा वारा, बाहेरून येणारं फुगलेलं पाणी, बंदरात घुसणारी उधाणाची ओढ, हे सगळं एकाच वेळी आणि रामदास नेमकी तेव्हा त्याला सामोरी चाललेली. आमच्या आजोळचे मोठे मामा पाटीवर खडूने हा हिशेब मांडून दाखवत. शिक्षण चौथीपर्यंतचं. बोटीची वेळ ठरवणाऱ्यांपैकी कोणी तरी ही पाटी पाहायला हवी होती असं मला आजही वाटतं.

बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे इकडे माणसं पाण्यात तडफडत असताना मुंबईला कशाचाच पत्ता नव्हता. दुपारपर्यंत धक्क्यावरचे व्यवहार नेहमीसारखे चालू होते. एक लहान मुलगा तरंगत बंदराकडे परत आला तेव्हा कुठे शहराला बातमी कळली.

आणि तोवर जे काही वाचवायचं ते रेवसच्या बाजूच्या मच्छीमारांनी वाचवून झालं होतं. आषाढात खोल दर्यात कोणी जात नाही, पण मासळी घेऊन मुंबईला जाणारे मचवे चालू असत. त्यांनी पाण्यात माणसं पाहिली. भरलेल्या टोपल्या समुद्रात रिकाम्या केल्या आणि जागा झाली तशी माणसं वर ओढून घेतली. अमावास्येच्या उधाणात, शिडाच्या होडीवर, हे काम काय असतं ते बघा. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. दोघा-तिघांनी एकाच बाजूला हात घातला तर मचवाच उलटतो. म्हणून एकेकाला नाळेकडून वर घ्यायचं, तोवर सुकाणूवरच्याने मचव्याचं तोंड लाटेकडेच ठेवायचं, आणि किती जणांना घ्यायचं हे तांडेलाने ठरवायचं. ‘आता पुरे’ असं त्याला कधी तरी म्हणावं लागतं. आजी सांगायची, वाचवून आणलेल्यांना गावात लुगडी, धोतरं, जे हाताला येईल ते गुंडाळून चुलीपुढे बसवलं होतं. त्या वर्षापासून आमच्या आजोळी आषाढ अमावास्येला मासळी शिजत नाही. सगळा गाव गटारी करतो, आमच्याकडे त्या दिवशी वालाचं बिरडं.

त्या मचव्यांची नावं कुठे आहेत? बोटीची लांबी-रुंदी मी तुम्हाला लगेच सांगितली. ती छापील मजकुरात आहे. माणसं वाचवणाऱ्या मचव्यांची नावं, त्यांच्या नाखव्यांची नावं शोधायला गेलं की कागद मुका होतो. हे मला फार लागतं.

रामदासच्या आधीही हे झालं होतं. ११ नोव्हेंबर १९२७ ला जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच वादळात, एकाच दिवशी बुडाल्या. जयंतीवरचं कोणीही वाचलं नाही. तुकारामवरचे निम्म्याहून अधिक वाचले. जयंती, तुकाराम, रामदास, शिवाय सेंट झेवियर, सेंट अँथनी. या नावांवरूनच कळतं की या बोटी चालवणारी कंपनी आपल्या माणसांची होती. स्वदेशीच्या चळवळीतून ती उभी राहिली. गोऱ्यांच्या बोटी आहेत तर आपल्याही असाव्यात, म्हणून कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांनी ती उचलून धरली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. म्हणून या बोटी बुडाल्या तेव्हा दुःख दुहेरी झालं, माणसं गेली आणि आपलं म्हणून उभं केलेलंही गेलं.

सत्तावीस सालचं वादळ नोव्हेंबरातलं, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगत असे. आपल्याकडे दर्याचं पंचांग नारळी पौर्णिमेवर उभं आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी मचवे ओढून घ्यायचे, झापांनी शाकारायचे आणि श्रावणी पुनवेला नारळ वाहिल्यावरच पाण्यात लोटायचे. या रिवाजाने किती जीव वाचवले त्याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण माझ्या मते किनाऱ्यावरचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत शहाणा कायदा आहे. फक्त अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन असतात. एक पावसाच्या तोंडावर, दुसरा पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या पुढेमागे. नारळ वाहून झालेला असतो, आकाश निवळलेलं असतं, माणसं निर्धास्त असतात. जयंती आणि तुकाराम या निर्धास्तपणात गेल्या.

रिवाजाची गोष्ट निघाली म्हणून मराठी राज्याच्या काळात जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक सबंध प्रकरण आहे. पावसाळा लागायच्या आधीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाला आणून छावणीला लावावं, आणि दरवर्षी एकाच बंदरात लावू नये, म्हणजे तिथल्या रयतेला जाच होणार नाही, असं त्यात सांगितलं आहे. लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत हेही त्याच प्रकरणात. जहाज वाचवायचं काम झाडापासून सुरू होतं हे ज्यांना कळलं होतं त्यांनी लिहिलेला हा मजकूर आहे.

फुटलेलं जहाज कोणाचं, हा वादही आपल्या किनाऱ्यावर जुना. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. राज्याभिषेकाचा नजराणा त्याने आणला होता, पण खरं काम तहाचं होतं. इंग्रजांनी वीस कलमं पुढे ठेवली होती. त्यातलं एक असं की आमचं जहाज वादळाने तुमच्या किनाऱ्याला लागून फुटलं तर माल आम्हाला परत मिळावा. शिवाजी महाराजांनी या कलमाला हरकत घेतली. कोकणचा कायदा तसा नाही, असं उत्तर मिळालं. किनाऱ्याला लागलेला माल राजाचा, ही चाल पिढ्यान् पिढ्यांची. एकदा इंग्रजांना सूट दिली की फ्रेंच आणि वलंदेज (डच) तीच सूट मागत येतील. हा प्रसंग मला राज्याभिषेकाच्या सोहळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. राजा झालेला माणूस आपल्या किनाऱ्यावरच्या फुटक्या फळकुटाचासुद्धा हक्क कसा सांगतो ते इथे दिसतं. समुद्र कोणाचा या प्रश्नाला त्याने दिलेलं हे उत्तर होतं.

पण हेच मराठी आरमार ज्या दिवशी संपलं तो दिवसही सांगितला पाहिजे, आणि तिथे तर खडकाचा संबंधच नाही. विजयदुर्ग. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली जांभ्या दगडाची भिंत आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी ती मोजली. सुमारे १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच. शत्रूची जहाजं किल्ल्याच्या रोखाने आली की या न दिसणाऱ्या भिंतीवर आपटून फुटायची, अशी कथा विजयदुर्गात प्रत्येक जण सांगतो. भिंत मी वरून पाहिली म्हणजे काहीच पाहिली नाही, हिरवट पाणी तेवढं पाहिलं. कथा खरी असो वा रंगवलेली, भिंत खरी आहे. जवळच गिर्ये गावी वाघोटनच्या खाडीत खडक फोडून केलेली गोदी आहे. ओहोटीला तिच्या कडेवर उभं राहिलं की आंग्र्यांची गुराबं इथे कशी आत घेत असतील ते डोळ्यांपुढे येतं. एवढी तयारी होती, एवढी अक्कल होती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह इंग्रजी जहाजं घेऊन आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. नानासाहेब पेशव्यांना विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे नको होते, इंग्रजांना आंग्र्यांचं आरमार नको होतं, एवढ्यावर दोघांचं जुळलं. किल्ल्याखाली नांगरलेल्या जहाजांवर एक तोफगोळा पडला. ज्या जहाजावर पडला ते ‘रिस्टोरेशन’, तुळाजींनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकून घेतलेलं. त्याने पेट घेतला. जहाजं एकमेकांना लागून उभी होती, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि संध्याकाळपर्यंत आरमार पाण्यात राख होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि उरलेलं आयुष्य कैदेतच राहिले.

कोकणच्या किनाऱ्यावर एका दिवसात इतकी मराठी जहाजं दुसऱ्या कोणत्याही वादळाने बुडवल्याचं माझ्या वाचनात नाही. तुळाजींचा स्वभाव, त्यांची अरेरावी, कोकणातल्या लोकांना त्यांच्याकडून झालेला त्रास, सगळं मान्य. तरीही परक्याच्या तोफेखाली आपलं आरमार जाळू देणं ही चूकच होती, आणि तिची किंमत पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सगळ्या राज्याने दिली. यावर माझ्याशी पुण्याचे लोक वाद घालतात. घालू देत.

आता थोडं दक्षिणेला. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, इंग्रज त्यांना बर्न्ट आयलंड्स म्हणत. वेंगुर्ल्यात वलंदेजांची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. तिथली आणि गोव्याची सगळी ये-जा या खडकांना वळसा घालून. इंग्रजी अमलात एकेका अवघड जागी दीपगृहं आली. खंदेरीवर १८६७ मध्ये, मुंबईच्या दक्षिण टोकाला प्राँग्जवर १८७५ मध्ये आणि या वेंगुर्ले रॉक्सवरही. दिवा आला आणि रात्रीचा खडक दिसू लागला.

गोव्याच्या समुद्रात मुरगावच्या बाहेर सुंची रीफ नावाचा खडक आहे. समुद्रविज्ञान संस्थेचे सिला त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बुड्या मारून सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, लोखंडी नांगर, घडीव ग्रॅनाइटचे चिरे, चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे, मर्तबानचे रांजण. आणि हस्तिदंत. आणि पाणघोड्याचे दात! हे दोन्ही आफ्रिकेकडचे. म्हणजे या जहाजावर पूर्वेचा चीन आणि पश्चिमेची आफ्रिका शेजारी शेजारी रचलेली होती. अख्खा समुद्र ओलांडून आलेला माल गोव्याचं बंदर समोर दिसत असताना बुडाला. लाकूड जवळपास काही राहिलं नाही. आपल्या उबदार, उथळ, पावसाळ्यात ढवळून निघणाऱ्या पाण्यात लाकडाला किडे खातात आणि लाटा उरलेलं पळवतात. राहतं ते दगड, माती, धातू आणि हाड.

दुसरी जागा सेंट जॉर्ज रीफ. तिथे पाण्याखाली जे मिळालं ते वाचून मी उठले आणि अंगणात गेले. तिथे मिळाली कौलं, विटा, मातीचे खांब, खांबांच्या नक्षीदार बोंड्या, आणि त्यांवर शिक्का बेसल मिशन टाइल वर्क्स, १८६५. आमच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हाची मंगलोरी कौलं अंगणात रचून ठेवली होती. एक उचललं. वरची बाजू शेवाळाने काळी, उलटं केलं तर आत ताजा वीटकरी रंग आणि उठावाची इंग्रजी अक्षरं. बोट फिरवलं तर खोबणीत अजून मुंग्यांची माती. बेसल मिशनने मंगलोरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. तेव्हा शिक्क्यावरचं साल कारखान्याचं, बोट बुडाल्याचं नव्हे, ती त्यानंतर कधी तरी बुडाली. आमच्या कोकणात नळ्याची कौलं जाऊन मंगलोरी आली ती अशाच गलबतांतून, आणि त्यातलं प्रत्येक गलबत काही पोचलं नाही. कोणी तरी घर बांधायला काढलं होतं, खांब मागवले होते, आणि पाया भरून तो माणूस वाट पाहत राहिला असणार. हाती आलेल्या कौलामुळे मला हे जहाज सुंचीच्या हस्तिदंतापेक्षा जवळचं वाटतं.

तिसरी जागा अमी शोल्स, तिथे वाफेवर चालणारी बोट आहे, बॉयलरसकट. वाफ आल्यावर वाऱ्याची कटकट गेली, मग वेळापत्रक आलं, आणि वेळापत्रकाबरोबर कोणत्याही तिथीला बोट सोडायची हिंमत आली. रामदासपर्यंतचा रस्ता इथून सुरू होतो.

रामदासनंतर नियम बदलले. प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचं झालं, पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी वाहतूक बंद ठेवू लागले. कोळ्यांचा नारळी पौर्णिमेचा कायदा सरकारने सहाशे जीव गेल्यावर मान्य केला. २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट येते. ती मोठी आहे, भक्कम आहे, आणि पावसातही हवामान पाहून चालते. मी तिने जाते. आसनाखाली जीवरक्षक जाकीट आहे का ते आधी पाहते, मगच बसते.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं रिकामं तेलवाहू जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. वरची तेराही माणसं सुखरूप उतरवली. जहाज मात्र बरीच वर्षं तिथेच गंजत राहिलं आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत राहिले. माझी एक विद्यार्थिनी तिथे शिक्षिका आहे. तिला मी सांगितलं, तुझ्या मुलांना वही देऊन पाठव. त्या दिवशी किनाऱ्यावर कोण होतं, दोर कोणी टाकला, किती वाजले होते, भरती होती की ओहोटी, जहाजाचं तोंड कुठे होतं, सगळं लिहून घ्या. माणसं आहेत तोवर विचारा. तिच्या मुलांनी लिहायला सुरुवात केली आहे.

इकडे मी रेवस-बोडणीत घरोघरी फिरते आहे. विचारायचं ठरलेलं असतं: मचव्याचं नाव काय होतं, नाखवा कोण, तांडेल कोण, टोपल्यांत त्या दिवशी कोणती मासळी होती, किती माणसं वर घेतली, ती पुढे कधी भेटायला आली का. पाहणारे बहुतेक गेले, पण त्यांच्या लेकी-सुनांना पाठ आहे. तुमच्या घरात कोणी रामदासवर होतं, किंवा मचव्यावर होतं, तर एक पान लिहून ठेवा, तारीख आणि नावासकट.